हॉरर ॲनिमे ‘निव्वळ मनोरंजन’ म्हणून कसा बघावा

गेल्या रविवारी मित्राच्या घरी ‘पॅरासाइट: द मॅक्सिम’ ही जपानी ॲनिमेशन (म्हणजेच ॲनिमे) मालिका बघायला जमलो होतो. विसाव्या भागाच्या आसपास महापौर हिरोकावा बंदुकांसमोर बोलायला उभा राहिला, आणि आमच्यातल्या एका सद्गृहस्थांनी रिमोट उचलून फटाफट पुढे ढकललं. “लेक्चर आहे रे, फाइट पुढे आहे.” कुणी हूं की चूं केलं नाही. म्हणजे बघण्याचं शास्त्र सगळ्यांना येत होतं, मलाच येत नव्हतं. आता थोडंफार शिकलोय, तर आपणही लाभ घ्यावा. (स्पॉयलर आहेत. मालिका 2014 ची आहे, बोंबलू नका.)

सुरुवात कानांवर हात ठेवून करावी. हितोशी इवाआकींची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) 1988 साली सुरू झाली तीच एका प्रश्नाने: माणसांची संख्या निम्मी झाली, तर किती जंगलं जळायची वाचतील? यात पर्यावरण कुठे आलं? ही तर माणसांची डोकी गिळून त्यांच्या देहात राहणाऱ्या परजीवींची गंमत.

हिरोकावा निवडणूक लढवतो, जिंकतो, महापौर होतो. यात राजकारण दिसत असेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

‘ग्यो’ या दुसऱ्या हॉरर ॲनिमेमध्ये समुद्रातून पायांवर चालत येणारे कुजके मासे बघून खदाखदा हसावं. ते पाय कुठल्या युद्धासाठी बनवले होते, असली चौकशी करू नये.

कचऱ्याकडे तर मुळीच बघू नये. ‘पॅरासाइट’मधला गोतो म्हणजे एका देहात पाच परजीवी, गोळ्यांनाही दाद न देणारा. तो हरतो कशाने? डोंगरात कुणीतरी गुपचूप आणून टाकलेल्या कचऱ्याच्या ढिगातल्या एका गंजक्या सळईने. मालिकेचा नायक शिनिची ती त्याच्या अंगात खुपसतो, तिच्यावरचं विष भिनतं आणि तो अभेद्य देह आतून फुटायला लागतो. माणसाने केलेली घाणच माणसाला वाचवते! योगायोग हो. ही मांगा चालू असतानाच, 1990 साली, जपानमधल्या तेशिमा बेटावर पोलिसांची धाड पडली आणि लाखो टन औद्योगिक कचरा बेकायदा ओतल्याचं प्रकरण उघड्यावर आलं. तोही योगायोगच. जपानमधल्याच मिनामाता शहरातला आजार 1956 साली अधिकृतपणे नोंदला गेला आणि कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्यामुळे तो होतो, हे सरकारने मान्य केलं 1968 साली. अशा देशातल्या माणसाने भीतीची गोष्ट लिहायला घ्यावी आणि तिच्यात विष आणावं? भुताखेतांचा काय दुष्काळ पडला होता?

आता दुसरी पद्धत, जरा उच्चभ्रू लोकांची. भाषण ऐकायचं, पण फक्त भाषणच ऐकायचं. ‘माणूस हाच पृथ्वीवरचा खरा परजीवी’ एवढा तुकडा कापायचा, मागे रडकं संगीत लावायचं, स्टेटसला ठेवायचं, की झालो पर्यावरणवादी. एसी अठरावर ठेवून ठेवलं तरी चालतं. हे बोलणारा हिरोकावा खलनायक आहे, हे विसरायचं. गोळ्या घातल्यावर तो स्वतःच साधा हाडामांसाचा माणूस निघतो, हेही विसरायचं. माणसं कमी व्हावीत म्हणून परजीवींना बिनबोभाट खाण्याची सोय करून देणारा हा गृहस्थ स्वतःला मात्र त्या ताटात वाढून घेत नाही! माणसं जास्त झालीत म्हणणाऱ्यांच्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव कधी असतं का हो? मिनामातात आधी कोण गेलं? खाडीतले मासे खाऊन जगणारी कोळ्यांची घरं. पारा सोडणारे नव्हेत. आणि यांचं म्हणणं काय, तर ‘माणूस’ वाईट. कुठला माणूस? कारखाना चालवणारा की त्याच्या पाण्यात जाळं टाकणारा? सगळ्यांनाच दोष दिला की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही, कुणाशी वाकडं होत नाही, आणि वर विचारवंत म्हणून मिरवता येतं. फुकटचा शहाणपणा!

इवाआकींनाही हे दिसलं होतं. शेवटच्या खंडाच्या मनोगतात ते लिहितात, की सुरुवातीला ‘मूर्ख मानवांनो’ म्हणणारे फारसे कुणी नव्हते म्हणून आपण तसं लिहिलं. पुढे जो तो तेच बोलायला लागला, तेव्हा वेगळं काही सांगावंसं वाटलं. आणि त्यांनी सांगितलंही! परजीवी असलेली तामुरा पोलिसांच्या गोळ्या झेलत माणसाचं पोर छातीशी धरून मरते. शिनिची अर्धमेल्या गोतोला आधी सोडून निघतो, मग परत फिरतो आणि रडत, माफी मागत त्याला मारतो. तुझा काही दोष नाही, हेही सांगतो. यातलं काय तुमच्या स्टेटसमध्ये मावतं?

अरे, नऊ-नऊ तास बसता ना? मग नीट बघा की! एकाला भाषण नको, दुसऱ्याला भाषणापुढचं काही नको, आणि दोघंही वर मला सांगणार की ॲनिमेत राजकारण आणू नकोस. मी आणलं? तुम्ही दोघं एकच आहात. डोक्याला ताप नको, एवढीच तुमची अट. शेवटाकडे शिनिची म्हणतो, की माणूस बाकीचे जीव वाचवतो ते त्याला एकटं वाटतं म्हणून, आणि निसर्ग जपतो ते त्याला स्वतःला मरायचं नाही म्हणून. यात मोठेपणा काही नाही, आणि नसला तरी चालेल. हे ठेवा ना स्टेटसला! नाही ठेवणार. कारण त्यात स्वतःलाही धरावं लागतं, आणि मागे रडकं संगीतही शोभत नाही.