बेशुद्ध पडला नाही, म्हणून मेंदू शाबूत?

पालकांमध्ये सध्या एक दावा फिरतो आहे: ‘मुलाला कन्कशन (डोक्याला धक्का बसून मेंदूच्या कामात होणारा तात्पुरता बिघाड) झाले नसेल आणि डोक्यावर हेल्मेट असेल, तर मैदानातल्या धडकांनी मेंदूचे काही बिघडत नाही, लहान वयात सारे भरून निघते, आणि डोक्याला वारंवार मार लागून होणारे मेंदूचे आजार फक्त व्यावसायिक खेळाडूंना होतात.’ यातले एकही विधान नीट टिकत नाही.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. कन्कशन हे दिसणाऱ्या लक्षणांचे नाव आहे, इजेच्या किमान मर्यादेचे नव्हे. (बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतही नाही, हे आधी सांगायला हवे.) अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकन फुटबॉल (हेल्मेट घालून खेळला जाणारा, रग्बीसारखा धडकांचा खेळ) खेळणाऱ्या शालेय मुलांच्या हेल्मेटमध्ये संवेदक बसवून त्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले, तेव्हा एकही लक्षण नसलेल्या काही मुलांच्या मेंदूच्या कार्यातही बदल आढळले. पुढे 2023 साली 631 दिवंगत अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूंचा अभ्यास झाला. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई, या ऱ्हासकारी आजाराचा अंदाज त्यात निदान झालेल्या कन्कशनच्या संख्येवरून बांधता आला नाही. कारकिर्दीत डोक्याने एकूण किती मार सोसला, यावरून तो बांधता आला. ‘एकदाही कन्कशन नाही’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे.

हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते आणि ते घालायलाच हवे. पण मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो. डोके झटक्यात थांबले किंवा वळले की तो आत हलतो, पिळवटतो आणि चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. बाहेरचे कवच ही आतली हालचाल पूर्णपणे रोखू शकत नाही.

‘लहान वयात भरून निघते’ हे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान कमकुवत असते, तर चेतातंतूंवर मायलिनचे, म्हणजे त्यांना जपणाऱ्या स्निग्ध पदार्थाचे, आवरण चढण्याचे काम विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या 8 ते 13 वर्षांच्या 25 मुलांच्या एका अभ्यासात, कन्कशनचे निदान नसतानाही, एकाच हंगामानंतर मेंदूच्या श्वेतद्रव्यात, म्हणजे या चेतातंतूंच्या जाळ्यात, बदल दिसले, आणि ज्यांना मार जास्त, त्यांच्यात बदलही जास्त होते. हे बदल कायमचे राहतात असे यावरून सिद्ध होत नाही. पण ‘काहीच होत नाही’ हे मात्र खोटे ठरते.

राहिले व्यावसायिकांचे. 2023 मध्येच, तिशीच्या आत मृत्यू पावलेल्या 152 खेळाडूंच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 63 जणांत सीटीई आढळला आणि त्यांतले बहुसंख्य हौशी खेळाडू होते. येथे उलट बाजूची अतिशयोक्तीही नको: हे मेंदू बहुधा त्रास जाणवलेल्यांच्या कुटुंबांनी दान केलेले असल्याने ‘41 टक्के तरुण खेळाडूंना सीटीई होतो’ असा अर्थ काढणे चूक आहे, आणि नैराश्यासारखी लक्षणे सीटीई नसलेल्यांमध्येही सर्रास होती.

यावर ‘मग मुलांनी खेळूच नये का’ असे विचारले जाते. प्रश्न खेळाचा नसून धडकांच्या संख्येचा आहे. अमेरिकेच्या सॉकर (आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ) संघटनेने 2015 साली 10 वर्षे व त्याखालील मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास मनाई केली आणि 11 ते 13 वयोगटासाठी सरावातील हेडिंगवर मर्यादा घातली. सॉकर मात्र मुले आजही खेळतात.