एकवीस दिवसांत कोरोना संपवणारं लष्कर

मेसेज जुनाच आहे. २०२० च्या उन्हाळ्यात फिरला, दुसऱ्या लाटेत फिरला, आणि कुठल्याशा नव्या विषाणूची बातमी आली की अजूनही फणा काढतो. आजवर मी तो न वाचता पुसत आलो. पण परवा माझ्या भाच्यानेच तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ‘मामा, मुलाखतीसाठी भारी मुद्दे आहेत.’ पोरगा ठाण्यात खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करतोय. उद्या हा कुठे तरी प्रांत म्हणून बसायचा आणि साथ आली की पहिला फोन छावणीला लावायचा. खाली ताईचे जोडलेले हात आहेतच.

मेसेजचा सारांश असा. कोरोनाचा कारभार लष्कराकडे दिला असता तर २१ दिवसांत सगळं आटोपलं असतं. का? तर शिस्तीमुळे एकाही जवानाला कोरोना झाला नाही. जवानांनी घराघरांत शिरून रुग्ण उचलले असते तर साखळी तिथेच तुटली असती. ज्या देशांनी सूत्रं सेनाधिकाऱ्याकडे दिली ते वाचले, पोर्तुगाल बघा. आणि वाशीचं मार्केट एका रात्रीत हलवून लष्कराने घरोघरी शिधा पोचवला असता. सही: ‘एक निवृत्त कर्नल’. नाव नाही, पलटण नाही.

एकाही जवानाला झाला नाही, हे धादांत खोटं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये संरक्षण राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिलं होतं: तोवर भूदलात १६,७५८, हवाई दलात १,७१६ आणि नौदलात १,३६५ जणांना लागण झाली होती. भूदलाचे ३२ आणि हवाई दलाचे ३ जण गेले होते. ही पहिल्या लाटेचीच आकडेवारी, तीही अर्धवट. त्याआधी एप्रिलमध्येच मुंबईत आयएनएस आंग्रे या नौदलाच्या तळावर वीसेक खलाशी पॉझिटिव्ह निघाल्याच्या बातम्या सगळ्या पेपरांत होत्या. यात जवानांचा काही कमीपणा नाही. बराकीत खाटेला खाट लागलेली, एकाच मेसमध्ये जेवण, जहाजावर तर जिन्यात एकमेकांना खेटूनच जावं लागतं. विषाणूला याहून सोयीची जागा कुठली? मेलेल्या ३५ जणांना एका फॉरवर्डसाठी ‘शून्य’ करून टाकायचं आणि वर ‘जय जवान’ लिहायचं, याची मात्र लाज वाटायला हवी.

शिस्तीबद्दल एक गोष्ट भाच्याने जरूर वाचावी. ‘थिओडोर रूझवेल्ट’ ही अमेरिकेची विमानवाहू नौका, जवळपास ४,८०० माणसं. मार्च २०२० मध्ये तिच्यावर कोरोना पसरला. कप्तान ब्रेट क्रोझर. त्याने ३० मार्चला वरिष्ठांना पत्र लिहिलं: आपण युद्धात नाही, खलाशांनी मरायचं काही कारण नाही, बहुतेकांना जहाजावरून उतरवा. पत्र वर्तमानपत्रात फुटलं आणि २ एप्रिलला जहाजाचं नेतृत्व त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. नौदलाचे प्रभारी सचिव थॉमस मॉडली जहाज थांबलं होतं त्या गुआम बेटावर जाऊन त्याच जहाजाच्या भोंग्यावरून, त्याच्याच खलाशांसमोर, त्याला नको नको ते बोलले. मग आरडाओरड झाल्यावर ७ एप्रिलला मॉडलींनाच राजीनामा द्यावा लागला. शेवटी जहाजावरच्या बाराशेहून जास्त लोकांना लागण झाली, एक खलाशी मेला. क्रोझरला जहाज काही परत मिळालं नाही. शिस्त होती, हुकूमही होते. पण खालून वर खरी बातमी सांगणाऱ्याचं काय झालं ते बघा. साथीत तर पहिली गरज त्या बातमीचीच असते.

आता घराघरांत शिरून रुग्ण उचलण्याचा मुद्दा. माझा खरा संताप याच्यावर आहे. ‘उचलले असते तर’ काय? उचलले होते. मुंबईत आणि पुण्यात.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने लागू केला तो हाच. आणि त्याच १८९७ च्या मार्चमध्ये मुंबईसाठी प्लेग समिती नेमली गेली. तिचा अध्यक्ष कोण? ब्रिगेडियर जनरल डब्ल्यू. एफ. गॅटेकर. पालिकेच्या हातून प्लेगचे अधिकार काढून एका सेनाधिकाऱ्याकडे दिले होते. फॉरवर्डवाल्या कर्नलसाहेबांना जे हवंय ते अगदी तसंच, सव्वाशे वर्षांपूर्वी, आपल्या दाराशी. गॅटेकरने त्यावर लिहिलेला अहवालही त्याच वर्षी छापला गेला. ज्याला ‘लष्कराला कधी संधीच दिली नाही’ असं वाटतं त्याने तो उघडावा.

पथकं चाळींत शिरत, तापाचा माणूस दिसला की रुग्णालयात, घरच्यांना छावणीत, घरातल्या वस्तू धुवून किंवा जाळून टाकायच्या. गॅटेकर तसा अगदीच आडमुठा नव्हता. निरनिराळ्या जातीजमातींना आपापली रुग्णालयं उभारू दिली, त्याने लोकांची भीती थोडी कमी झाली, हे त्याच्या पदरात टाकायला हवं. पण लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. माळ्यावर, कोठीत, शेजारच्या खोलीत. लाखो लोक शहर सोडून पळाले आणि जाताना रोग घेऊन गेले. उन्हाळ्यात साथ उतरली, ती तशीही उतरायचीच. पुढच्या हिवाळ्यात प्लेग परतला आणि १८९८ मध्ये मुंबईत आदल्या वर्षापेक्षा जास्त माणसं मेली. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात एका विणकराच्या घरातल्या आजारी मुलीला तपासायला पथक गेलं, त्यावरून दंगल उसळली, गोळीबार झाला. त्यानंतर सरकारनेच जबरदस्तीच्या झडत्या सैल केल्या.

आणि एवढं करून पथकं शोधत होती माणसं, तर प्लेग फिरत होता उंदरांच्या पिसवांवरून. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत हे दाखवलं, तेव्हा त्याचं कुणी ऐकलं नाही. मुंबईतल्या पुढच्या प्लेग आयोगाने ते पक्कं करेपर्यंत आणखी बरीच वर्षं गेली. रोग कसा पसरतो हेच माहीत नसेल तर बंदूकवाला शिपाई दारात उभा करून काय उपयोग?

पुण्याचं तर मराठी माणसाला सांगायला नको. शाळेत सगळ्यांनी वाचलंय. तरी एक दुरुस्ती: वॉल्टर रँड स्वतः लष्करी नव्हता, सनदी अधिकारी होता, म्हणजे भाच्याच्या भावी जातकुळीतलाच. पण घरं तपासायला त्याने गोरे सोल्जर आणले. ते बुटांसकट देवघरात गेले, बायकांना रस्त्यावर आणून तपासलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी रँड आणि आयर्स्टला गोळ्या घातल्या. साथ हाताळण्याचा हा नमुना आपल्याला परत हवाय?

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, लष्कराचा आणखी एक माणूस प्लेगशी लढत होता. सावित्रीबाईंचा मुलगा डॉ. यशवंत. सैन्यात डॉक्टर होता. आईने बोलावलं म्हणून आला आणि शहराबाहेर माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई रुग्णांना स्वतः तिथे नेत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्या दवाखान्यात लोक आपल्या पायांनी यायचे.

आमच्या कोपरखैरणेतही २०२० मध्ये लोकांनी ताप लपवलाच की. मेडिकलमधून गोळी आणायची, कुणाला सांगायचं नाही. का, तर अँब्युलन्स गल्लीत आली की अख्खी गल्ली खिडकीत उभी, आणि दुसऱ्या दिवशी दूधवालासुद्धा यायचा नाही. पांढऱ्या पीपीई किटमधल्या पालिकेच्या पोरांना लोक एवढे घाबरत होते. त्यांच्या जागी रायफलवाले आले असते तर किती जणांनी स्वतःहून तपासणी केली असती?

पोर्तुगालचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. मान्य. फेब्रुवारी २०२१ मध्ये लसीकरणाच्या कृतिदलाची सूत्रं व्हाइस ॲडमिरल एन्रिके गोव्हेया इ मेलो या पाणबुडीवाल्याकडे दिली, आणि सप्टेंबर संपेस्तोवर तिथल्या ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांचं लसीकरण पूर्ण झालं. रांगा, वेळा, साठा, सगळं त्याने चोख बसवलं. पण त्याच्याकडे दिलं होतं लसीकरण. टाळेबंदी, रुग्णालयं, शाळा यांतलं काही नाही. टोचायला त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेच्या नर्स होत्या. आणि काम झाल्यावर दल बरखास्त.

फॉरवर्डमध्ये पोर्तुगाल आहे, ब्राझील का नाही? तिथे तर थेट आरोग्यमंत्रीच लष्करातला होता. जनरल एदुआर्दो पाझुएलो, नोकरीत असलेला सेनाधिकारी, वैद्यकाशी संबंध नाही. मे २०२० मध्ये प्रभारी म्हणून आला तेव्हा ‘लॉजिस्टिक्सचा बादशहा’ म्हणून गाजावाजा झाला. जूनमध्ये त्याच्या खात्याने एकूण मृत्यूंचा आकडाच संकेतस्थळावरून काढला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने परत टाकावा लागला. जानेवारी २०२१ मध्ये मनाउस शहरात ऑक्सिजन संपला, माणसं रुग्णालयात गुदमरून मेली. फेब्रुवारीत अमाझोनास राज्याच्या लसी अमापा राज्यात गेल्या आणि अमापाच्या अमाझोनासला. नावं सारखी वाटली असतील! हा पुरवठ्याचा तज्ज्ञ. तो आला तेव्हा देशात पंधराएक हजार मृत्यू झाले होते. मार्च २०२१ मध्ये गेला तेव्हा पावणेतीन लाखांच्या वर. सगळं पाप त्याचं एकट्याचं नाही, वर बसलेला राष्ट्राध्यक्ष वेगळाच होता. पण तेच तर. हुकूम पाळणारा माणूस बसवला की वरचा जे सांगेल ते होतं. भाच्या, मुलाखतीत पोर्तुगाल सांगितलास तर पुढचा प्रश्न ब्राझीलचा येईल.

राहिला वाशीचा बाजार. हे ज्याने लिहिलं त्याने एपीएमसी, म्हणजे हा घाऊक बाजार, आतून पाहिलेली नाही. कांदा-बटाटा, भाजी, फळ, मसाला, धान्य, अशी पाच मार्केटं. रात्री गाड्या लागतात, माल उतरवतो माथाडी, मापाडी मोजतो, पहाटे मुंबई-ठाण्याचे छोटे व्यापारी उचलतात. मे २०२० मध्ये तिथे कोरोना पसरला, ११ ते १७ मे बाजार बंद ठेवावा लागला. माथाडी राहतात कोपरखैरणे-घणसोलीच्या छोट्या घरांत, त्यामुळे बाजारातला रोग पाठीवरच्या गोणीसारखा घरात आला. बाजार ‘एका रात्रीत हलवून’ नेणार कुठे, आणि उतरवणार कोण? शेवटी तोच माथाडी. कुठला अडत्या कुठल्या गावचा माल घेतो हे ज्याला पाठ आहे तो माणूस छावणीत मिळत नाही. शिध्याचंही तसंच. रेशनकार्डाची यादी तहसील कचेरीत असते. आणि नाशिक महामार्गाने खारेगाव, भिवंडी, पडघा करत जे चालत निघाले त्यांची नावं तर कुठल्याच यादीत नव्हती.

लष्कराने काही केलं नाही असं कुणी म्हणत नाही. वुहानहून आणलेले विद्यार्थी मानेसरला ठेवले, इराणहून आलेले यात्रेकरू घाटकोपरच्या नौदलाच्या जागेत राहिले, मालदीवला नौदलाची ‘जलाश्व’ ही नौका गेली, रिकामे ऑक्सिजन टँकर हवाई दलाने उचलून नेले. पण प्रत्येक वेळी काम नेमून दिलेलं होतं आणि मागणारं नागरी प्रशासन होतं. दुसऱ्या लाटेत १९ एप्रिल २०२१ ला सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली ती आपल्या कळंबोलीहून. बोगदे आणि विजेच्या तारांखालून टँकर जाईल का, याची मोजमापं रेल्वेवाल्यांनी केली होती. कुठल्या फॉरवर्डमध्ये रेल्वेच्या इंजिनीअरांना सॅल्यूट वाचलाय?

हे निरुपद्रवी आहे, चालू दे, असं ताई म्हणते. नाही. मे २०२० मध्ये याच मेसेजचा धाकटा भाऊ फिरला होता: मुंबईत दहा दिवस लष्करी लॉकडाऊन, फक्त दूध आणि औषधं मिळणार, सामान भरून ठेवा. शेवटी ८ मे ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना सांगावं लागलं, की लष्कर येणार नाही. थकलेल्या पोलिसांना विसावा म्हणून केंद्राकडून जादा मनुष्यबळ मात्र मागू. पुढे निमलष्करी तुकड्या आल्या त्या बंदोबस्ताला, पोलिसांच्या जोडीला. पण तोवर आमच्या सेक्टरमधल्या किराणा दुकानापुढे नळावर लागावी तशी झुंबड उडून गेली होती, निम्म्यांचे मास्क हनुवटीखाली, आणि पुढच्याच्या खांद्यावरून हात घालून जो तो साखर मागत होता.