फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, चौथ्यांदा फॉरमॅट मारला, तरी निळा स्क्रीन येतोच." निळा स्क्रीन म्हणजे विंडोज कोसळल्याची (क्रॅश झाल्याची) खूण. चौथ्यांदा का, म्हणून विचारलं तर तिने घरच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज पाठवला. तो मलाही तीन ठिकाणांहून आला होता आणि मी न वाचता पुढे गेलो होतो. तेव्हाच उत्तर लिहायला हवं होतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कॉम्प्युटर वारंवार बंद पडत असेल तर ९० टक्के वेळा विंडोज बिघडलेली असते, फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. हार्डवेअर खराब असतं तर कॉम्प्युटर सुरूच झाला नसता. तरीही शंका असेल तर रॅम (काम चालू असताना माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी) खोडरबराने घासा, स्क्रीनवर ज्या भागाचं नाव येईल तो बदला, पंखा फिरतोय म्हणजे पॉवर सप्लाय ठीक समजा आणि हार्ड डिस्क अडली तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य दुसरं. सुरू होतो म्हणजे हार्डवेअर ठीक, हे साफ खोटं आहे. ८ जीबी रॅमच्या एका पट्टीत, म्हणजे स्टिकमध्ये, सुमारे ६,८७० कोटी बिट (माहितीचे सगळ्यात लहान कप्पे) असतात. त्यातले दोन-चार खराब झाले तरी कॉम्प्युटर सुरू होतो, गाणी वाजवतो, टायपिंग करू देतो. त्या खराब जागेवर फोटो आला तर फोटोत एखादा पट्टा बिघडतो, झिप फाइल आली तर ती उघडत नाही, आणि विंडोजचा गाभाच तिथे येऊन बसला की निळा स्क्रीन. म्हणून तर कधी दहा मिनिटांत पडतो, कधी दोन दिवस पडत नाही, आणि दर वेळी एरर वेगळा.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तीन संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरच्या नोंदी तपासून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. आठ महिन्यांत एकूण निदान ३० दिवस चाललेल्या मशीनमध्ये, प्रोसेसरच्या बिघाडामुळे क्रॅश होण्याचं प्रमाण १९० मध्ये १ निघालं. हा आकडा छोटा वाटेल. पण हार्डवेअरमुळे एकदा क्रॅश झाला की पुन्हा होण्याची शक्यता शंभर पटीपर्यंत वाढते आणि मेमरीचा बिघाड बहुधा त्याच जागी पुन्हा दिसतो, हेही त्यांना आढळलं. शिवाय ही सगळी मशीन सुरू होत होती, म्हणून तर त्यांच्या नोंदी पोचल्या. मेसेजमधलं ते वाक्य इथेच संपतं.

आता फॉरमॅट. अर्धं सत्य मान्य करतो, करावंच लागेल. मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक माहितीत दिलेल्या हिशोबाप्रमाणे अशा क्रॅशपैकी ७० टक्के इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरमुळे (विंडोजला एखादा भाग चालवू देणारं सॉफ्टवेअर) होतात, १० टक्के हार्डवेअरमुळे आणि ५ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या कोडमुळे. उरलेल्या १५ टक्क्यांचं कारण सांगता येत नाही, कारण मेमरीतली माहितीच वाचण्याच्या पलीकडे बिघडलेली असते. म्हणजे सॉफ्टवेअरचा वाटा मोठा आहे, खरं आहे. पण दर वेळी एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर तो ड्रायव्हर बदला, त्याची जुनी आवृत्ती टाकून पाहा. त्यासाठी अख्खी डिस्क पुसायची गरज काय? आणि कोऱ्या विंडोजवरही क्रॅश होत असेल तर तिथेच थांबायचं. दुसऱ्यांदा फॉरमॅट मारून नवीन काहीच कळत नाही.

बहिणीचं काय झालं ते सांगतो. ती अनुवादाची कामं करते. फॉरमॅटआधी तिने शहाणपणाने सगळ्या फाइल बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. पण कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते. चांगल्या मूळ फाइल पुसल्या गेल्या आणि बिघडलेल्या प्रती मागे राहिल्या. असं चार वेळा. विंडोजच्या सेटअपच्या फाइलसुद्धा रॅममध्येच सुट्या होतात, त्यामुळे नवी विंडोजही बिघडलेलीच बसत होती.

मी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवला. तो विंडोजशिवाय चालतो, त्यामुळे विंडोजला दोष देण्याचा प्रश्नच उरत नाही. नऊ मिनिटांत लाल ओळी आल्या. इथे एक एररसुद्धा चालत नाही. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग, बंद करून पाहिलं, कारण वाढवलेल्या वेगामुळेही एरर येतात. तरी आल्या. मग एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून तपासली, आणि जी नापास झाली ती दुसऱ्या स्लॉटमध्येही लावून पाहिली, कारण दोष स्लॉटचाही असू शकतो. तिथेही एरर आल्या, म्हणजे स्टिकच खराब. रॅमवर शंका असेल तर त्या मशीनवर बॅकअप घेऊच नका. डिस्क काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि मग कॉपी करा.

खोडरबराबद्दल: स्टिक काढून परत नीट बसवल्याने खरंच फरक पडतो, कारण संपर्क सुधारतो. श्रेय मात्र रबराला मिळतं. रबराने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि कण स्लॉटमध्ये पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड पुरे.

एररमध्ये नाव येईल तो भाग बदला, हेही चूक. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या काही प्रोसेसरच्या बाबतीत गेम 'व्हिडिओ मेमरी अपुरी' म्हणून बंद पडायचे. लोक ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागले, दोष प्रोसेसरचा निघाला, आणि २०२४ मध्ये इंटेलला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बदलून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. तसंच इव्हेंट व्ह्यूअरमधलं (विंडोजची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१'. नावात पॉवर आहे म्हणून लोक पॉवर सप्लाय बदलतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं.

पंखा फिरतो म्हणजे सप्लाय चालू आहे, बस. ग्राफिक्स कार्डाने जोर मागितल्यावर व्होल्टेज टिकतं का, हे पंखा सांगत नाही. सप्लायचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा चार्ज राहू शकतो. आणि फ्रीजर? थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं. हेड आणि चकतीत काही नॅनोमीटरचं अंतर असतं. तिथे पाणी पोचलं की उरलासुरला डेटाही जातो.

बहिणीचा कॉम्प्युटर आता एकाच स्टिकवर चालतोय, एकवीस दिवस झाले, एकदाही पडलेला नाही. काही फाइल तिने ग्राहकांना पाठवलेल्या मेलमधून परत मिळवल्या. उरलेले अनुवाद ती पुन्हा पहिल्यापासून करते आहे.