पात्रांव आणि पत्रावळी

गेले दहा दिवस गोव्यातल्या आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. सप्ताहाच्या समाराधनेला सरपंचांनी धोतर खोचून उष्ट्या पत्रावळी उचलल्या आणि कोणीतरी बरोब्बर त्याच वेळी मोबाईल काढला (योगायोग हो!). झालं. अर्धा ग्रुप म्हणतोय हा खरा सेवक, उरलेला म्हणतोय सगळं नाटक, जिल्हा पंचायतीचं तिकीट पाहिजे म्हणून. एका मास्तरांनी थेट राजसूय यज्ञ काढला, तिथे साक्षात कृष्णाने उष्टी काढली तर तुम्ही कोण हसणारे. मग कोणीतरी 'सर्व्हंट लीडरशिप' (म्हणजे सेवा करणारं नेतृत्व) म्हणून एक लांबलचक इंग्रजी फॉरवर्ड टाकला, तो कोणीच वाचला नाही आणि सगळ्यांनी खाली हात जोडले.

मी इथे इंग्लंडात स्विंडनला नाईट शिफ्ट संपवून सकाळी आठच्या बसमध्ये हे वाचत बसतो आणि डोकं फिरतं. सरपंचांवर माझा राग नाही, पत्रावळी उचलल्या बरं केलं, कोणीतरी उचलायच्याच होत्या. पण एवढ्या मेसेजमध्ये एकालाही विचारावंसं वाटलं नाही की त्या दिवशी भांडी घासायला ज्या बायका आणल्या त्या जेवल्या किती वाजता? आणि गावातला कचरा गोळा करणारा जो मुलगा आहे, त्याचा दोन महिन्यांचा पगार अडकलाय हे माहीत नाही असं एक घर नाही गावात. तो पगार सुटला असता तर त्याचा फोटो निघाला नसता. कसा निघणार, पगाराचा काय फोटो काढतात?

तो फॉरवर्ड मी वाचला, रात्री तीन ते पाच आमच्याकडे तसं शांत असतं. 'सर्व्हंट लीडरशिप' हा शब्द आणला रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन माणसाने, १९७० साली. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत जन्म घालवून निवृत्त झालेला माणूस, म्हणजे साधूबिधू नव्हे. त्याने कसोटी सांगितली ती मला भयंकर आवडली. तुम्ही ज्यांची सेवा करता म्हणता ती माणसं तुमच्या हाताखाली वाढतात का, जास्त शहाणी होतात का, जास्त मोकळी होतात का, आणि सगळ्यात खाली जो आहे त्याचं भलं होतं की निदान नुकसान तरी होत नाही ना. बस्स. पुढारी वाकला किती याचं मोजमाप त्याने ठेवलेलं नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं, आणि मग हात थांबला नाही. मी केअर होममध्ये नाईट टीम लीडर आहे, माझ्या हाताखाली सात माणसं. आमची मॅनेजर, तिला मी नावाने हाक मारतो, ती चहा करायला उठली की सगळ्यांना विचारून करते, कोणाला साखर किती ते तिला पाठ आहे. मागच्या हिवाळ्यात नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांची साथ) आला, चार जणांनी सिक मारली, एजन्सीवाले मिळेनात, तर बाई रात्री अकराला स्वतः गाडी काढून आली, एप्रन चढवला आणि पहाटेपर्यंत माझ्याबरोबर कमोड धुतले. सकाळी हँडओव्हरला मला पहिला प्रश्न काय, तर तू काही खाल्लंस का. आमच्याकडे कोणी जेवलो मरे म्हणून विचारतं ना, अगदी तसं. पण खरं सांगायचं तर कमोडपेक्षा मला तिचा रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, मोठा वाटतो. सहा आठवडे आधी लागतो, बँक हॉलिडे आळीपाळीने, आणि एक वर्षाआड ख्रिसमसची शिफ्ट ती स्वतः घेते म्हणजे लहान मुलं असलेल्या पोरी घरी राहतात. मला वर्षाला २८ दिवस पगारी रजा आहे आणि ती मागताना मान खाली घालावी लागत नाही. (झीरो-अवर्सवाल्या, म्हणजे कामाच्या तासांची हमी नसलेल्या, पोरींना विचाराल तर त्या वेगळं सांगतील, पण तो विषय आज नको.)

गोव्यात आपल्याकडे वरच्या माणसाला शब्द किती बघा. पात्रांव (मालक), भाटकार (जमीनदार), शेट, साहेब. आणि जो आवडला त्याला, मुख्यमंत्री असला तरी, घरातलाच करून टाकतो, बांदोडकर भाऊ, शशिकलाताई, पर्रीकर भाई. राणे तेवढे खाशे, म्हणजे राजेसाहेब. एकदा भाऊ म्हटलं की झालं, मग घरच्या माणसाकडे हक्क कोण मागणार? पण ज्यांनी खरं काही दिलं त्यांनी कागदावर दिलं हेही आहेच. भाऊ स्वतः खाणमालक, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९६४ चा कूळ कायदा आला. ताईंच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा. आम्ही मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर असलेले. माझे आजोबा भाटकाराच्या अंगणात उभे राहून बोलायचे, पावसात सुद्धा. भाटकार वाईट नव्हता हो, चवथीला (गणेश चतुर्थीला) पुडवं, म्हणजे धोतर, धाडायचा, आजी आजारी पडली तेव्हा डॉक्टर त्यानेच आणला, सेवाच की. पण कायदा झाला, घरातून कोणी हाकलू शकत नाही हे कळलं, आणि त्यानंतर कधीतरी आजोबा त्याच्या पडवीवर चढून बसले. ग्रीनलीफचं ते 'मोकळी होतात का' म्हणजे माझ्या लेखी ती पडवी.

इथपर्यंत मी ग्रुपवर फॉर्मात होतो. मग एकाने, शाळेत माझ्याच बाकावर बसणारा, एक ओळ टाकली. "तुजे आवयक सांबाळटा ती, तिका रजा केन्ना दिता रे तूं?" (तुझ्या आईला सांभाळते ती, तिला रजा कधी देतोस रे तू?)

फोन खिशात टाकला. उत्तर दिलं नाही, अजून दिलेलं नाही. पहिल्यांदा वाटलं ते हेच की ह्याला काय करायचंय, आणि दुसरं वाटलं की इथे राहून मत मांडलं की लगेच घरापर्यंत येतात. भारतीय पासपोर्ट सरेंडर केला त्या दिवशी माझं गावातलं मत गेलं ते ठीक, पण तोंड पण गेलं का? मी पैसे पाठवतो, देवळाच्या छपराला दिले, सप्ताहाला दरवर्षी देतो. (हे लिहिताना मला कळतंय की मी पण फोटोच दाखवतोय.)

बाबांचे दोन टिप्पर होते खाणीवर. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, आणि अकरा वर्षं आमची गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला बाबांनी सांगितलं की घरी जा, सुरू झालं की बोलावतो. बाबांचं पण चुकलं कुठे, बँकेचा हप्ता त्यांच्याही डोक्यावर होता. नंतर खाणी जराशा सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा बंद, पण तोपर्यंत आमचे टिप्पर भंगारात गेले होते आणि त्याला काही बोलावलं नाही. बाबा मरेपर्यंत म्हणायचे, त्याला मी मुलासारखा ठेवला होता. मुलासारखा! मुलाने २०१३ मध्ये बाबांचा पोर्तुगीज राजवटीतला जन्मदाखला लिस्बनला नोंदवून स्वतःचा पोर्तुगालचा लाल पासपोर्ट काढला आणि निघाला.

आईकडे आता जी बाई आहे ती खानापूरकडची. चोवीस तास घरात, चार वर्षं झाली. आई तिला बाय म्हणते, मी पण सगळ्यांना सांगतो की ती आमच्या घरचीच आहे. म्हणजे पुन्हा तेच. गेल्या वर्षी चवथीच्या आधी तिने फोनवर विचारलं होतं, "दादा, म्हयन्यातनं दोन दिस तरी सोडा की." मी म्हटलं बघू, आणि चवथीला तर तू गेलीस तर कसं चालेल, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, आईला एकटीला जमणार आहे का. तर म्हणते, "आमच्यात बी गणपती येतोय की." मी हसलो, विषय बदलला. ती गोष्ट मला त्याच बसमध्ये आठवली, आणि हेही आठवलं की मी त्या आठवड्यात माझ्या टीममधल्या एका मलयाळी मुलीला ओणमला सुट्टी मिळावी म्हणून रोटा बदलून दिला होता आणि मॅनेजरने मला शाबासकी दिली होती. इथे मी शहाणा. तिकडे फोनवरचा पात्रांव.

आईकडच्या त्या बाईच्या हातचं जेवण जेवायला मी दोन वर्षांत एकदा जातो. आई अर्ध्या वेळा तिचंच नाव घेऊन मला हाक मारते. गावात माझं असं खरं माणूस आता कोण उरलं म्हणून मोजायला गेलो तर पहिली तीच येते, आणि तिच्या मुलांची नावं मला माहीत नाहीत.

परवा फोन केला. यंदा चवथीला तू घरी जा, चार दिवस, काकी येऊन राहते म्हणाली. पलीकडे काहीच आवाज नाही, मला वाटलं रेंज गेली. मग विचारलं तिने, "दादा, पैसे कापनार काय?"

नाही गं, म्हटलं, लगेच म्हटलं. तिने विचारायच्या आधी मी रोट्याच्या कागदामागे सव्वीस दिवसांच्या पगाराचा हिशेब मांडून ठेवला होता.