डावीकडे झुका

परवाच्या रविवारपासून माझा उजवा खांदा धरलाय. चहाचा कप उचलला तरी कळ येते. त्यात काल फॅमिली ग्रुपवर मामांचा तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पडला: बोट बंद पडल्यास काय करावे. खाली सतरा जणांचे नमस्कार आणि एक पुष्पगुच्छ. म्हणून हे लिहितोय.

मामा म्हणजे बायकोचे मामा, माझे मामेसासरे. होडी मेव्हण्याची. पानशेतच्या बॅकवॉटरला त्याची जागा आहे. तिथे ही फायबरची होडी असते आणि तिच्या मागे लावायची आठ हॉर्सपॉवरची, टू-स्ट्रोक, वयस्कर आउटबोर्ड मोटर. परवानगीचे कागद रीतसर आहेत. ते कसे मिळाले हे मेव्हण्याला विचारू नका, जेवणं थंड होतात. त्या दिवशी तो आला नव्हता. "काही नाही रे, दोरी ओढायची," एवढं फोनवर सांगून मोकळा झाला. होडीत मी, बायको, मुलगी आणि मामा.

बारा मिनिटं झकास गेली. मग पार मधोमध मोटर खोकली, दोन हुंदके दिले आणि गप्प झाली.

मी मॅन्युअल वाचणारा माणूस आहे. गियर न्यूट्रलला आहे, पाहिलं. बंद करायची लाल दोरी जागेवर आहे, पाहिलं. दहा लिटरला 200 मिली ऑइल मीच मोजून घातलं होतं. टाकीकडून मोटरकडे जाणाऱ्या नळीवर एक रबरी फुगा असतो, डॉक्टर बीपी घेताना दाबतात तसला. तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं. बघतो तर फुगा चोखून टाकलेल्या पायरी आंब्यासारखा चपटा, दाबायला काही उरलेलंच नाही. मी म्हटलं, गेला फुगा. चोक ओढला, दोरी ओढली. दहा वेळा, वीस वेळा.

"तुझ्याकडे स्कूटर होती का रे कधी?" मामांनी विचारलं.

"नाही मामा."

"तेच."

या 'तेच'मध्ये माझं शिक्षण, माझी नोकरी आणि त्यांच्या भाचीने घेतलेला निर्णय, सगळं आलं. मामांची चेतक अजून पार्किंगमध्ये गोधडी पांघरून उभी आहे. नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून मिळवलेली. जगातलं कुठलंही यंत्र मामा त्या चेतकच्या नात्याने ओळखतात. मिक्सर, वॉशिंग मशीन, एकदा तर दवाखान्यातलं ईसीजीचं मशीन.

"टू-स्ट्रोक आहे ना? मग संपलं. कार्बुरेटरमध्ये कचरा अडकलाय. स्कूटर आपण काय करायचो? आडवी करायचो."

"मामा, ही होडी आहे."

"मग होडी आडवी करू."

मी प्लग काढायला घेतला. एकवीसचा पाना, ओले हात आणि खाली साडेदहा टीएमसी पाणी. आकडा मामांनीच सांगितला. पुण्याच्या चार धरणांचे आकडे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के पाठ आहेत. तिथून गाडी अपरिहार्यपणे 12 जुलै 1961 वर गेली. याच पानशेतने फुटून पुणं बुडवलं तेव्हा मामा सहा वर्षांचे होते आणि आजोबांच्या खांद्यावर बसून पर्वती चढले होते. ही गोष्ट मी मुंजीत, बारशात आणि एकदा आयसीयूच्या बाहेर ऐकलीय. पण त्या पाण्यावर तरंगत, हातात प्लग धरून, पहिल्यांदाच. प्लग ओलाचिंब होता. चोक ओढून ओढून मीच भिजवला होता. शर्टाला पुसून परत बसवला.

तेवढ्यात ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं लावत फिरणारा एक जण फळीने वल्हवत जवळ आला. "काय साहेब, लागलं का काही गळाला?"

"जावई लागलाय," मामा म्हणाले. दोघे पोट धरून हसले. बायकोही हसली. ते मी लक्षात ठेवलंय.

नेटवर्कची एक काडी आली तेव्हा ओळखीच्या गॅरेजला फोन लावला. तो म्हणाला, "गाडी घेऊन या, बघतो." आकुर्डी, पिंपरी, चाकण, आख्ख्या देशाला गाड्या पुरवणारं हे गाव, आउटबोर्डला हात लावणारा एक माणूस मला मिळू नये?

शेवटी मी हरलो. मामांनी सगळ्यांना डाव्या कडेला बसवलं. "एक, दोन, तीन, झुका!" होडी कलंडली, अर्धं घमेलं पाणी आत आलं, मुलगी खिदळली. मी दोरी ओढली. शून्य. पुन्हा झुका. शून्य. "पेट्रोल तरी आहे का नक्की?" असं म्हणत मामांनी टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स्.

आवाज बारीकच होता. मामा एक डोळा मिटून टाकीत बघत होते. मी बघत होतो फुग्याकडे. चपटा फुगा हळूहळू, अगदी झोपेतून उठल्यासारखा, फुगत होता.

झाकणावर एक छोटा स्क्रू असतो. टाकी न्यायची तेव्हा बंद, मोटर चालवायची तेव्हा उघडा. बंद राहिला तर पेट्रोल बाहेर जातं पण त्याच्या जागी हवा आत येत नाही; टाकी मोटरला उलटी ओढायला लागते, फुगा चपटा होतो आणि दहा-पंधरा मिनिटांत इंजिन गुदमरतं. सकाळी धायरी फाट्यावर बायको म्हणाली होती, "पेट्रोलच्या वासाने डोकं चढलंय." मी गाडी कडेला घेऊन स्वतःच्या हाताने तो स्क्रू आवळला होता. चांगला घट्ट.

"पेट्रोल आहे. म्हणजे कचराच," मामांनी झाकण लावलं. "शेवटचं झुका!"

सगळे झुकले. मी दोन बोटांनी स्क्रू सैल केला, फुगा टणक होईपर्यंत दाबला आणि दोरी ओढली. पहिल्या ओढीत सुरू. मामांनी हात असा वर केला, जसा मानाचा गणपतीच यांनी विसर्जित केलाय. ट्यूबवाल्याने लांबून शिट्टी मारली.

आता मी काय बोलणार होतो? झुकण्याने काही झालं नाही म्हणायचं, तर स्क्रूचं सांगावं लागतं. स्क्रूचं सांगायचं, तर आवळला कोणी? मामांचा राग नाही माझा. खोटं कशाला, आहे. चूक माझी, उत्तर माझं, खांदा माझा आणि सतरा नमस्कार त्यांना. मॅन्युअल वाचणाऱ्याच्या वाट्याला हेच येतं. ऑफिसात काही वेगळं चालत नाही.

परतताना मामा पुढच्या सीटवर होते. खडकवासला येईपर्यंत कार्बुरेटर झाला. मग ते नाक वर करून म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय का रे?"

धायरी फाट्यावर मी गाडी कडेला घेतली, डिकी उघडली आणि आत वाकलो.

"काय करतोय हा?" मामांनी मागे वळून विचारलं.

"काही नाही मामा," बायको म्हणाली. "डावीकडे झुकतोय."