पासफ्रेज काढून टाकू नका, डेस्कटॉपला तो लक्षात ठेवता येतो

‘लिनक्स डेस्कटॉपला पासफ्रेज लक्षात राहत नाही. एसएसएच कीचा पासफ्रेज सरळ रिकामा करा. किरिंगमध्ये साठवणं काय आणि पासफ्रेज नसणं काय, एकच. आणि डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर भीती कसली?’ हा सल्ला सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. नवखी माणसं तो पाळतात, म्हणून हे लिहितो आहे. (एसएसएच की म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरण्याची किल्ली असलेली फाईल; पासफ्रेज म्हणजे त्या फाईलला कुलूप लावणारा पासवर्ड; किरिंग म्हणजे डेस्कटॉपची पासवर्ड साठवण्याची कुलूपबंद तिजोरी; आणि एन्क्रिप्टेड म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारं.)

मुळात ‘लक्षात राहत नाही’ हेच खरं नाही. उघडलेली की मेमरीत धरून ठेवणं हेच एसएसएच-एजंट या मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमचं काम. एसएसएचच्या कॉन्फिग फाईलमध्ये ‘अ‍ॅड-कीज-टू-एजंट’ला ‘यस’ दिलं की पहिल्यांदा पासफ्रेज टाकताच की एजंटकडे जाते. २०१६ पासून ही सोय आहे. जीपीजी-एजंट (जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रॅमचा असाच सोबती) विसरतो, पण तो ठरवून विसरतो: शेवटच्या वापरानंतर ६०० सेकंदांनी, आणि सतत वापरलंत तरी ७२०० सेकंदांनी. हे दोन्ही आकडे त्याच्या कॉन्फिगमध्ये वाढवता येतात.

मग लॉगिन केल्या केल्या किरिंगची खिडकी पासवर्ड मागत का उभी राहते? बहुतेक वेळा ऑटो-लॉगिनमुळे. ग्नोम या डेस्कटॉपचं लॉगिन किरिंग तुमच्या लॉगिन पासवर्डनेच कुलूपबंद असतं. तुम्ही टाईप केलेला पासवर्ड पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) घेतं आणि त्याने ते उघडतं. पासवर्ड टाईपच केला नाही, तर ते उघडणार कशाने? बोटाचा ठसा देऊन आत शिरलात तरी तेच. रूटने (म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याने) पासवर्ड बदलून दिला असेल, तर किरिंग जुन्याच पासवर्डवर अडून बसतं. केडीई डेस्कटॉपची अशीच तिजोरी असलेल्या केवॉलेटचंही असंच आहे: वॉलेटचा पासवर्ड आणि लॉगिनचा पासवर्ड एकच हवा.

आता ‘एकच’ म्हणण्याबद्दल. यात खरं आहे तेवढं मान्य करतो: सेशन उघडं असताना तुमच्या खात्यात घातक प्रोग्रॅम चालला, तर तो उघड्या किरिंगमधून पासफ्रेज वाचू शकतो. पण फाईल नुसती कुणाच्या हाती लागली तर? मीही कधीकाळी पासफ्रेज काढला होता. पुढे होम फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला आणि ती डिस्क दुसऱ्याला वापरायला दिली. काही दिवसांनी लक्षात आलं की लपलेला एसएसएच फोल्डरही सोबत गेलाय, आत प्रायव्हेट की, म्हणजे फक्त माझ्याकडेच राहायला हवी ती किल्ली, उघडी. पोटात गोळा आला. पासफ्रेज किरिंगमध्ये असता, तर त्या डिस्कवर की-फाईलही एन्क्रिप्टेड असती आणि किरिंगची फाईलही.

डिस्क एन्क्रिप्शनचं उत्तर याच प्रसंगात आहे. माझ्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्टेडच होती. लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन, बंद मशीनचं रक्षण करतं; चालू मशीनमधून कॉपी झालेली फाईल साध्या डिस्कवर साधीच उतरते.

पासफ्रेज आधीच काढला असेल, तर एसएसएच-कीजेन या की बनवणाऱ्या कमांडच्या ‘-p’ (छोटा पी) पर्यायाने परत घाला. पब्लिक की, म्हणजे सर्व्हरवर ठेवलेला जोडीचा भाग, तीच राहते, सर्व्हरवर काही बदलावं लागत नाही. मात्र मधल्या काळात झालेल्या कॉप्या उघड्याच राहतात. त्यातली एखादी हाताबाहेर गेली असेल, तर मी केलं तसं नवी की बनवा आणि जुनी प्रत्येक सर्व्हरवरून काढा.