सहानंतर खाल्लं की चरबी? त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

आमच्या आत्याने संध्याकाळचं खाणं बंद केलंय. का म्हणून विचारलं तर मोबाईल पुढे केला. तोच तो हिरव्या टिकमार्कवाला मेसेज, 'वजन उतरवायचंय? संध्याकाळचे नियम पाळा', खाली 'मोठ्या डॉक्टरांचा सल्ला', आणि डॉक्टरांचं नाव अर्थातच गायब. तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेलच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सहानंतर पोटात गेलेलं सगळं थेट चरबी होतं, संध्याकाळची भूक खोटी असते ती पाणी पिऊन मारायची, काकडी आणि सेलरी (लांब देठांची एक भाजी) 'निगेटिव्ह कॅलरी' आहेत त्या खाऊनच वजन घटतं, फळं संध्याकाळी पोटात सडतात, सुकामेवा हवा तेवढा चालतो आणि साखर सोडून मध घेतला की माणूस बारीक होतो. आत्याला डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत. म्हणून हसून सोडून देता आलं नाही.

आधी ती खोटी भूक, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा धोक्याचा आहे. मेसेजमध्ये चक्क लिहिलंय की सुरुवातीला हात थरथरतील, घाम येईल, घाबरू नका, चरबी जळतेय. अरे काय जळतेय! हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, डोकं न चालणं ही रक्तातली साखर खाली गेल्याची लक्षणं आहेत, शाळकरी पोरालाही पाठ असायला हवीत अशी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या डायबिटीसच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि तुम्ही खाल्लंय की नियम पाळत बसलाय हे त्या गोळीला कळत नाही. गोळी पोटात, खाणं बंद, की साखर घसरणार. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांचं तर आणखी अवघड. नुसत्या मेटफॉर्मिनवर, म्हणजे डायबिटीसच्याच दुसऱ्या गोळीवर, असलेल्यांना हा धोका बराच कमी असतो हे खरं, पण मेसेज काय गोळी विचारून फॉरवर्ड होतोय का? आणि ब्लडप्रेशरसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा येतो, म्हणजे माणसाला वेळेवर कळतही नाही.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की सरळ १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची, म्हणजे चार लहान चमचे साखर पाण्यात ढवळून, १५ मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमीच असेल तर परत तेवढंच. मशीन हाताशी नसेल तर तपासणीची वाट बघत बसायचं नाही, आधी साखर. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. आणि संध्याकाळचं खाणं कमी करायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळीचा डोस बघायचा, मग खाणं. उलट क्रमाने नाही.

बरं, डायबिटीस नसलेल्यांची संध्याकाळची भूक तरी खोटी असते का? तर नाही. २०१३ च्या एका प्रयोगात लोकांना मंद उजेडात ठेवून, झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा मुद्दाम फिरवून बघितलं, तरी शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे भूक रात्री आठच्या आसपास सगळ्यात जास्त आणि सकाळी आठच्या आसपास सगळ्यात कमी भरली. म्हणजे ती भूक खरीच आहे, मनाचे खेळ वगैरे काही नाही.

आता तो सहाचा काटा. सहा वाजता शरीरात कोणी शटर ओढत नाही. यावर मला सगळ्यात पटलेला प्रयोग स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन विद्यापीठाचा, २०२२ साली 'सेल मेटाबॉलिझम' या जर्नलमध्ये आलेला. वजन जास्त असलेली ३० माणसं, सगळं खाणं संशोधकांनीच पुरवलेलं, त्यामुळे 'मी फक्त एकच बिस्कीट खाल्लं' ही भानगड नाही. चार आठवडे दिवसाच्या ४५ टक्के कॅलरी सकाळी, आणि मग मधे थोडा काळ सोडून चार आठवडे उलटं, ४५ टक्के संध्याकाळी. एकूण कॅलरी दोन्हीकडे सारख्या. वजन किती उतरलं? दोन्ही वेळा साधारण ३.३ किलो. सारखंच! संध्याकाळी जास्त खाऊनसुद्धा. सहानंतरचं सगळं चरबीच होत असतं तर हे झालंच नसतं.

पण त्याच प्रयोगात एक गोष्ट निघाली जी मला नाइलाजाने इथे सांगावी लागतेय, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं उचलते. सकाळी भरपूर खाल्लं त्या आठवड्यांत लोकांना दिवसभर भूक कमी लागली. म्हणजे मेसेजमध्ये कणभर तथ्य आहे, पण ते भलत्याच ठिकाणी. सकाळ-दुपार उपाशीपोटी काढून संध्याकाळी जो डबा दिसेल तो उघडायचा, यात गडबड उपासाची आहे, घड्याळाची नाही. प्रयोगात खाणं मोजून दिलेलं होतं, घरात कोण मोजतंय, त्यामुळे भूक जास्त तिथे हात जास्त. वजन वाढतं ते तिथे.

निगेटिव्ह कॅलरी हा प्रकार मात्र मला आवडतो, इतका निरागस आहे. म्हणे सेलरी पचवायला तिच्यात असते त्यापेक्षा जास्त ताकद लागते. २०१९ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या संशोधकांनी खरंच हे तपासलं, सरड्यांवर, बिअर्डेड ड्रॅगन जातीच्या, त्यांना कच्ची सेलरी खायला घालून. पचवण्यात गेलेली आणि शरीराबाहेर पडलेली ऊर्जा वजा करूनही जवळजवळ पाव हिस्सा सरड्याकडे शिल्लक राहिलाच. सरडा म्हणजे माणूस नव्हे, मान्य, पण माणसाचा हिशोबही काही वेगळा नाही. कर्बोदकं पचवायला त्यांच्याच ऊर्जेचा ५ ते १० टक्के खर्च येतो, प्रथिनांना २० ते ३०. शंभरच्या वर काहीच जात नाही. १०० ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी असतात, पाणीच जास्त, म्हणून ती चांगली. एवढं साधं कारण पुरेसं नाही का? आणि काकडीवर क्रीमवालं सॅलड ड्रेसिंग ओतून खाणार असाल तर विषयच संपला.

फळं सडतात म्हणे. जठरातल्या आम्लात सडण्याचा काय संबंध? सफरचंद सकाळी आणि संध्याकाळी सारखंच पचतं आणि मध्यम आकाराचं असेल तर साधारण ९५ कॅलरी देतं. फक्त फळ खा, ज्यूस नको, चावायचे कष्ट आणि फायबर दोन्ही जातात. (साखर खाली गेली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ज्यूसच चांगला.)

सुकामेवा 'हवा तेवढा'? १०० ग्रॅम बदामात ५८० च्या आसपास कॅलरी. अख्ख्या बदामातली थोडी चरबी न पचता निघून जाते हे खरं आहे, पण म्हणून बरणी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसायचं नाही. तीसेक ग्रॅम, मूठभर, वाटीत काढून घ्या आणि बरणी परत कपाटात. मधाचं तर काय बोलायचं, लहान चमच्यात वीसेक कॅलरी, साखरेच्या तेवढ्याच चमच्यात सोळा. मध चमच्याला जड भरतो. चरबी वितळवायचं काम तो करत नाही, कोमट पाण्यात घातला तरी नाही.

मग खायचं काय? ज्यात पाणी, फायबर किंवा प्रथिनं जास्त ते. उकडलेलं अंडं, सत्तरेक कॅलरी. साधं दही, साखर न घातलेलं. गाजर-काकडीच्या फोडी. तेल-बटर न घालता फोडलेले पॉपकॉर्न, ज्याचा मोठा कपभर जेमतेम ३० कॅलरीत येतो आणि खायला वेळही लागतो. तेलाचा मात्र हिशोब ठेवा, एक लहान चमचा म्हणजे चाळीसच्या वर, आणि तो दिसत नाही. 'डाएट', 'मल्टीग्रेन', 'बेक्ड' असं लिहिलेली पाकिटं उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा, बहुतेक बिस्किटं १०० ग्रॅमला साडेचारशेच्या पुढेच निघतात, मग समोर गव्हाच्या ओंब्या छापलेल्या असोत की पानं. आणि तिथे 'प्रति सर्व्हिंग' दिलं असेल तर सर्व्हिंग म्हणजे किती तेही बघा, कारण बऱ्याचदा ते दोन बिस्किटांचं असतं आणि पुडा सोळाचा.